२८८ वरून ३१२: जुन्या जेट्टाच्या ब्रेकचं एक प्रकरण

गाडी चौथ्या पिढीची फोक्सवॅगन जेट्टा. काही देशांत हीच गाडी बोरा नावाने विकली गेली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स, पुढे २८८ मिमी व्यासाच्या आणि २५ मिमी जाडीच्या व्हेंटिलेटेड डिस्क, मागे २३२ मिमीच्या भरीव डिस्क. वय वीसच्या पुढे, पण इंजिन ठणठणीत आणि पत्रा शाबूत. मालकांची तक्रार एकच होती. चार माणसं आणि सामान घेऊन लांबलचक घाट उतरताना शेवटच्या टप्प्यात ब्रेकचा भरवसा वाटत नाही. उपायही ते ठरवूनच आले होते: याच कुळातल्या ऑडी टीटीला पुढे ३१२ मिमीच्या डिस्क असतात, त्या या गाडीला बसवायच्या.

उपाय वाईट नव्हता. जेट्टा, गोल्फ, पहिली टीटी, पहिली ऑक्टाव्हिया या सगळ्या गाड्या एकाच प्लॅटफॉर्मवर उभ्या आहेत आणि एकीचे सुटे भाग दुसरीला लावता येतात, हे त्या काळच्या फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांचं मोठं सुख आहे. तरीही डिस्क मागवण्याआधी तक्रार नीट समजून घ्यायची असं आम्ही ठरवलं. ब्रेकच्या कामात बहुतेकांचा पैसा वाया जातो तो याच टप्प्यावर घाई केल्यामुळे.

पेडल मऊ की कडक?

‘ब्रेक लागत नाही’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळे आजार लपलेले असतात. पहिल्यात पेडल मऊ पडतं, खाली खाली जातं, दोन-तीनदा पंप केलं की थोडं वर येतं. यात ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. कॅलिपरपाशी, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणाऱ्या भागापाशी, वाफेचे बुडबुडे तयार झाले की पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो. दुसऱ्या आजारात पेडल नेहमीसारखंच कडक असतं, पाय जीव खाऊन दाबत असतो, पण गाडी हवी तशी मंदावत नाही. इथे दाब पॅडपर्यंत व्यवस्थित पोचतोय. मात्र पॅड इतके तापलेत की त्यांचं घर्षणच कमी झालंय. ब्रेक फेड म्हणतात तो हा.

दोन्हींचं मूळ उष्णता हेच असलं तरी औषध एक नाही. ऑइल उकळत असेल तर मोठ्या डिस्कने धोका थोडा लांबतो, टळत नाही. पॅड फेड होत असतील तर ताजं ऑइल भरून काही उपयोग नाही. म्हणून मालकांना खोदून खोदून विचारलं: पेडल कुठे होतं? पंप केल्यावर वर आलं का? वास आला का? उत्तर आलं की आधी बराच वेळ पेडल कडकच होतं, फक्त जास्त जोर लागत होता आणि जळकट वास येत होता. पुढे पुढे पेडलही खाली जायला लागलं. म्हणजे गाडीला दोन्ही आजार होते, एकापाठोपाठ एक.

चाकं काढून पाहिल्यावर चित्र स्पष्ट झालं. ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं होतं आणि ते शेवटचं कधी बदललं याची कुठेच नोंद नव्हती. ग्लायकोलवर आधारलेलं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. पुरेसं सडलेलं ऑइल त्याच्याही खाली जाऊ शकतं. होज पाइप मूळचे होते आणि वाकवले की रबरावर बारीक भेगा दिसत होत्या. डाव्या कॅलिपरची एक गाइड पिन, म्हणजे कॅलिपर जिच्यावर सरकतो ती दांडी, जवळजवळ जाम झालेली होती, त्यामुळे आतला पॅड बाहेरच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त घासलेला. पॅडच्या कडेवर ‘ईई’ हा घर्षणाचा शिक्का होता. यातलं पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. रोजच्या हलक्या वापराला हे पॅड कदाचित चालले असते. भरलेल्या गाडीने घाट उतरायला ते अपुरे होते.

आणि डिस्क. नवी असताना जाडी २५ मिमी, किमान मर्यादा २३ मिमी. उजवी मर्यादेच्या जेमतेम वर, डावी मर्यादेवर. हा आकडा पुढच्या सगळ्या निर्णयाच्या केंद्रस्थानी आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

झिजलेली डिस्क किती गमावते?

२५ आणि २३ मिमी ऐकायला जवळचे आकडे आहेत. पण व्हेंटिलेटेड डिस्क भरीव नसते. मधला मोठा भाग हवेच्या फटींचा असतो. घर्षणाच्या दोन्ही चकत्यांचं लोखंड मिळून साधारण १४ मिमी धरलं, तर त्यातले २ मिमी गेले म्हणजे उष्णता झेलणारं सातांश लोखंड गेलं, १४ टक्के. तेवढीच उष्णता आता कमी लोखंडात शिरते आणि डिस्क जास्त तापते.

आता ३१२ मिमीच्या डिस्कचा हिशोब. टीटीच्या या ब्रेकमध्ये कॅलिपर तोच राहतो, ५४ मिमीच्या एकाच पिस्टनचा. पॅडही तेच. बदलतो तो फक्त कॅलिपर धरणारा ब्रॅकेट, जो कॅलिपरला १२ मिमी बाहेर नेऊन बसवतो, आणि त्याच्या जोडीला मोठी डिस्क. पॅडचा मध्य चाकाच्या केंद्रापासून आधी सुमारे ११८ मिमीवर होता, तो सुमारे १३० मिमीवर जातो. म्हणजे पायाचा जोर तेवढाच ठेवून पुढच्या चाकांवर साधारण १० टक्के जास्त टॉर्क, म्हणजे चाकाला अडवणारा पीळ, मिळतो. घर्षणाचा पट्टाही तेवढ्याच प्रमाणात लांब होतो, म्हणजे लोखंडही साधारण १० टक्क्यांनी वाढतं.

दहा टक्के. नव्या २८८ च्या तुलनेत एवढंच. ‘मोठे ब्रेक’ म्हटल्यावर मनात जे येतं त्यापेक्षा हे कितीतरी कमी आहे, आणि मालकांना हे आधीच सांगणं मला महत्त्वाचं वाटलं. पण या गाडीवर नव्या २८८ नव्हत्याच. झिजून मर्यादेला आलेल्या होत्या. त्यांच्याशी तुलना केली तर नव्या ३१२ मध्ये पाव हिश्शाहून जास्त लोखंड मिळत होतं. डिस्क तशाही टाकूनच द्यायच्या होत्या. मग नव्या घेताना एक पायरी वरच्या का घेऊ नयेत, हा प्रश्न रास्त होता. डिस्क निम्म्या आयुष्यावर असत्या तर मी त्यांना थांबा म्हटलं असतं.

घाटात उष्णता किती तयार होते?

रिकामी गाडी साडेतेराशे किलोच्या आसपास. माणसं आणि सामान धरून साडेसतराशे धरू. ही गाडी ताशी १०० किमीवरून पूर्ण थांबवायची तर सुमारे ६७५ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. आता १० किमीचा घाट घ्या, सरासरी उतार ७ टक्के, वेग ताशी ६०. गाडी ७०० मीटर खाली येते आणि त्यात १२ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. हवेचा आणि टायरचा विरोध यातला साधारण पाव हिस्सा खातो. उरले ९ मेगाज्यूल. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून सगळा भार ब्रेकवर टाकला, तर शंभराच्या वेगावरून तेराएक वेळा करकचून थांबवल्याइतकी उष्णता दहा मिनिटांत डिस्कमध्ये ओतली जाते. मध्ये नीट गार व्हायला उसंत नाही. यातला मोठा भाग पुढच्या दोन डिस्कच्या वाट्याला येतो.

तिसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर इंजिन यातला चांगला वाटा उचलतं, दुसऱ्यात आणखी जास्त. मालक चौथ्या-पाचव्यात उतरत असत, इंजिनचा आवाज चढू नये म्हणून. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला नसताना पेट्रोल इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर फिरलं तरी त्याला काही त्रास होत नाही, हे त्यांना पटवायला बराच वेळ गेला. पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा फरक याच एका सवयीने पडणार होता, आणि तो कुठलाही भाग न बदलता.

आधी मूळ दुरुस्ती

म्हणून क्रम असा ठेवला. आधी ऑइल, होज पाइप, गाइड पिना आणि त्यांचे रबरी बूट, कॅलिपरच्या सीलचा संच. डिस्क आणि पॅड अजून जुनेच. मग तोच घाट, भार तेवढाच.

ऑइल बदलताना या गाडीत एक गोष्ट विसरायची नाही: क्लचही हायड्रॉलिक आहे आणि तो ब्रेकच्याच टाकीतून ऑइल घेतो. क्लचची लाइन तशीच सोडली तर जुनं ऑइल तिथेच राहतं. शिवाय ब्लीड करताना, म्हणजे लाइनमधली हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढताना, पेडल तळापर्यंत पंप करायचं नाही. वीस वर्षं मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणाऱ्या नळकांड्याचं, सील जेवढ्या टप्प्यात फिरलं, त्याच्यापुढच्या भागात गंजाचा आणि मळाचा थर बसलेला असतो. सील तिथे गेलं की फाटतं, आणि चांगला चाललेला मास्टर सिलिंडर कामानंतर गळायला लागतो. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला किंवा टाकीवर दाब देणारं ब्लीडर वापरलं की हा धोका राहत नाही.

डिस्कच्या कडेवर उष्णतेने रंग बदलणारे तीन पट्टे ओढले: हिरवा ४३० अंशांना बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. घाट उतरल्यावर पेडल शेवटपर्यंत जागेवर होतं. मऊपणा गेला. जळका वास आणि जास्तीचा जोर मात्र कायम होते, आणि हिरवा पट्टा दोन्ही डिस्कवर पूर्ण पांढुरका झालेला होता. नारिंगी जसाच्या तसा. म्हणजे ऑइलचा आजार बरा झाला, पॅड आणि डिस्कचा उरला. ही मधली चाचणी केली नसती तर पुढे झालेल्या सुधारणेचं सगळं श्रेय मोठ्या डिस्कला गेलं असतं.

३१२ च का?

पर्याय तीन होते. गोल्फ आर३२ च्या ३३४ मिमी व्यासाच्या, ३२ मिमी जाडीच्या डिस्क, बाजारातला बहुपिस्टन कॅलिपरचा संच, किंवा ३१२. ३३४ साठी नकल (चाकाचा हब धरणारा सांधा), कॅलिपर, चाकं सगळंच बदलावं लागतं, आणि पुढे इतका टॉर्क वाढतो की मागच्या ब्रेकशी जुळणी नव्याने पाहावी लागते. बहुपिस्टन संचात पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ मूळपेक्षा वेगळं असेल तर पेडलचा प्रवास बदलतो. मोठं असेल तर पेडल लांब आणि मऊ, लहान असेल तर कडक. ३१२ चं खरं मोल इथे आहे. पिस्टन तोच, म्हणून ऑइल तेवढंच लागतं. पेडलचा प्रवास, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर, मास्टर सिलिंडर, चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचा पंप, कुणालाही काही वेगळं वाटत नाही. फक्त तरफ १२ मिमीने लांब झाली.

पुढे १० टक्के टॉर्क वाढल्याने ब्रेकचा तोल पुढे सरकतो. मागच्या डिस्कही वाढवाव्यात का, असं मालकांनी विचारलं. मी नको म्हटलं. तोल थोडा पुढे सरकला तर पुढची चाकं आधी घसरतात, गाडी सरळ रेषेत राहते आणि एबीएस सांभाळून घेतं. मागचा ब्रेक विचार न करता वाढवला आणि मागची चाकं आधी घसरली तर गाडी फिरते. या गाडीत मागचा दाब इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाटला जातो, त्यामुळे धोका कमी आहे, पण विनाकारण घ्यायचा कशाला? मागे फक्त नवे पॅड टाकले. ते टाकताना पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, हँडब्रेकची यंत्रणा आत असल्यामुळे तो फिरवत दाबावा लागतो. सी-क्लॅम्पने जबरदस्ती केली की कॅलिपर गेला.

बसवताना

भाग जुळतात म्हणजे काम सोपं, असं नाही. ब्रॅकेट वापरलेले आणले होते. ते घासून, गंज काढून, पॅड सरकतात त्या पृष्ठभागांवर नव्या पत्र्याच्या क्लिपा बसवून मगच लावले. जुन्या २८८ च्या मागचा पत्र्याचा संरक्षक मोठ्या डिस्कला घासतो. काही जण तो कापून टाकतात. मी कापू देत नाही. चिखल आणि खडे आतल्या पॅडवर येतात. ३१२ साठीचा पत्रा मिळतो, तोच लावला. त्यासाठी हब काढावा लागला आणि ते काढताना बेअरिंग खराब झालं, तेव्हा दोन्ही बेअरिंगही नवी. ज्याला हे काम करायचंय त्याने बेअरिंगचा खर्च आणि वेळ आधीच धरून ठेवावा.

हबचा तोंडाचा भाग तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत साफ केला. गंजाचा एक कण डिस्कखाली राहिला तर डिस्क वाकडी फिरते. डायल गेजवर डिस्कची लचक, म्हणजे फिरताना कडेचं आत-बाहेर होणं, ०.०५ मिमीच्या आत आहे हे पाहिल्याशिवाय पुढे गेलो नाही. ‘डिस्क वाकली’ म्हणून ज्या तक्रारी येतात, त्यातल्या पुष्कळशा या कणापासून सुरू होतात: डिस्क एका जागी पॅडला सतत पुसट घासत राहते, तिथे थर साचतो किंवा झीज होते, आणि काही महिन्यांनी पेडल थरथरायला लागतं.

चाकाचा प्रश्न वेगळा. ३१२ ला १५ इंची रिम चालत नाही. १६ इंची काही चालतात, काही नाहीत. रिमचा आतला आकार महत्त्वाचा, नुसता व्यास नाही. या गाडीची १६ इंची अलॉय बसली, पण बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं कॅलिपरला घासतील इतकी जवळ आली, म्हणून ती आतल्या बाजूला सरकवून चाकं पुन्हा बॅलन्स करून घेतली. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्याने.

स्टेपनी १५ इंची पत्र्याच्या रिमची होती. ती आता पुढे बसतच नाही. याकडे फार कमी लोक लक्ष देतात आणि मग रात्री रस्त्याच्या कडेला कळतं. मालकांपुढे दोन पर्याय ठेवले: १६ इंची स्टेपनी घ्या, किंवा पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं पुढे आणि स्टेपनी मागे लावा. दुसऱ्या पर्यायात जॅक दोनदा लावावा लागतो. त्यांनी १६ इंची स्टेपनी घेतली.

पॅड ‘एफएफ’ शिक्क्याचे घेतले. शर्यतीचे पॅड घ्यायचे नाहीत असं आग्रहाने सांगितलं, कारण त्यातले अनेक गार असताना नीट पकडत नाहीत, आणि रोजच्या गाडीला सकाळचा पहिला ब्रेक सगळ्यात आधी लागला पाहिजे. नवे पॅड डिस्कवर जमवून घ्यायला मोकळ्या रस्त्यावर ताशी ८०-९० किमीवरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवला, पूर्ण न थांबता. मग ब्रेक न दाबता गाडी गार होऊ दिली.

काय बदललं, काय नाही

ताशी १०० वरून एकदाच जोरात थांबण्याचं अंतर बदललं नाही. बदलणारही नव्हतं. आधीच्या ब्रेकनेही गार असताना एबीएस सुरू व्हायचं, म्हणजे टायरची पकड संपेपर्यंत ब्रेक पोचत होता. त्यापुढे डिस्क कितीही मोठी केली तरी रस्त्याला धरतो तो टायरच. चांगल्या कोरड्या रस्त्यावर हे अंतर हिशोबाने ४४ मीटरच्या आसपास निघतं आणि ते कमी करायचं असेल तर पैसा टायरवर घालावा.

घाटात मात्र फरक स्पष्ट होता. तेवढाच भार, तोच रस्ता, या वेळी तिसऱ्या गिअरमध्ये. पेडल सुरुवातीला जिथे होतं तिथेच शेवटी. वास नाही. हिरव्या पट्ट्याचा रंग फक्त कडेला थोडा उडाला. नंतर मालकांच्याच विनंतीवरून जुन्या पद्धतीने, चौथ्या गिअरमध्ये उतरून पाहिलं, तेव्हा हिरवा पट्टा बराचसा गेला, पण ब्रेकची पकड टिकली आणि जास्तीचा जोर लागला नाही. ऑइलने पेडल टिकवलं, गिअरने उष्णता कमी केली, पॅडने तापल्यावरही पकड ठेवली आणि डिस्कने या सगळ्यांना थोडी जास्त उसंत दिली. कामाच्या वजनाप्रमाणे क्रम लावायचा तर डिस्कचा व्यास मी चौथा लावीन.

प्रत्येक पुढच्या चाकावर वजन साधारण किलोभर वाढलं. रोजच्या चालवण्यात ते मालकांना जाणवलं नाही.

एक काम राहिलं होतं, कागदाचं. काही देशांत, उदाहरणार्थ जर्मनीत, असा बदल तपासून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो. आपल्या इथला नियम काम सुरू करण्याआधी विचारून घ्यावा, विम्याच्या कंपनीलाही कळवावं. त्याहून रोजची अडचण म्हणजे पुढे कुणी चॅसिस नंबर टाकून डिस्क मागवल्या तर २८८ च्याच येणार. म्हणून सर्व्हिस बुकच्या पहिल्या पानावर आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला एक पट्टी लावली: पुढची डिस्क ३१२ × २५, किमान जाडी २३, पॅड मूळ २८८ चेच, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, क्लचच्या लाइनसकट.